साडेचारची साक्ष

“साडेसात,” मंगला म्हणाली, आणि शब्द तोंडातून सुटता सुटताच तिला कळलं, की आत्ता सहा वाजलेत. खिडकीबाहेर, मस्कतमधल्या दार्सैतच्या टेकडीवर नुकता कुठे काळोख उतरत होता. खालच्या रस्त्यावर एक टॅक्सीवाला “रुवी, रुवी” म्हणून ओरडत होता. समोर तिची पंधरा वर्षांची मुलगी सई हातात वही घेऊन उभी होती. डोक्यावर बापाची कॅनव्हासची टोपी, तीही तिरकी. दोन दिवसांपासून तिच्या अंगात तो सिनेमा संचारला होता. शाळेच्या फिल्म क्लबसाठी रविवारपर्यंत त्यावर लिहून द्यायचं होतं. हॉलिवुडचा कधीकाळचा काळापांढरा सिनेमा, त्यात न्यायाधीशाची सोळा वर्षांची मुलगी गावभर चोर शोधत फिरते, लग्नाच्या केकच्या टेबलाखाली लपते, म्हाताऱ्या आत्याला जिन्यावर दहा वेळा चढायला-उतरायला लावते आणि शेवटी पोलिसांच्या आधी चोराला पकडते. सई खदखदा हसत पाहत होती, मंगलाही भाजी निवडता निवडता हसली होती. मग आज तो पुन्हा बघून झाला आणि सई म्हणाली, “आई, चल ना, दारात उभी राहा. साक्षीदाराला खुर्चीत बसवून विचारायचं नसतं. जिथून पाहिलं तिथे उभं करायचं.” पोरखेळ म्हणून मंगला उठली. फ्लॅटचं दार उघडून, कडीवर हात ठेवून, गेल्या शुक्रवारी उभी होती तशी उभी राहिली. “आता त्या दिवशीसारखं वळून बघ. किती वाजले?” मंगलाने वळून पाहिलं. आणि म्हणाली, साडेसात.

सई हसली नाही. तिने टोपी काढली. “आई, तू इंडियाचा टाइम सांगितलास,” ती म्हणाली.

गेल्या शुक्रवारची गोष्ट एव्हाना अख्ख्या बिल्डिंगीला पाठ झाली होती. वरच्या मजल्यावरची विशाखा, तिचा नवरा क्षितिज आणि मुलं चार वाजता भजनाला देवळात गेली. निघताना विशाखाने सासूच्या सोन्याच्या पाटल्या आरशासमोर काढून ठेवल्या होत्या, हे तिला पक्कं आठवत होतं. साडेसहाला परत आली तेव्हा पाटल्या नव्हत्या. कुलूप जसंच्या तसं. दुसरी किल्ली एकाच माणसाकडे असायची: अमीरुन्निसाकडे. अमीरुन्निसा दापोलीकडची, हमरियात राहणारी. तिचा नवरा हुसैनमियाँ तिथल्याच एका शिलाईच्या दुकानात मास्तर होता. ती दर शुक्रवारी बिल्डिंगीत तांदळाच्या भाकऱ्या पोचवायची, रिकामे डबे न्यायची, आणि विशाखाकडचे मेमध्ये भारतात गेले की त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायची. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मी तीनला आलेली. दोनदा बेल मारली. कुणी उघडलं नाय, तशीच उतरली.” विशाखा म्हणाली, तीनला मी घरातच होते, जरा डोळा लागला असेल, पण दोनदा बेल वाजली असती तर कळलं नसतं का? तेव्हा मंगला, कुणी न विचारता, म्हणाली होती, “तीनला कुठे? मी पाहिलं ना तिला जिन्यातून उतरताना. साडेचार वाजले होते.” झालं. मंगलाने सांगितलं म्हणजे मिनिटाचाही फरक असायचा नाही, असा तिचा लौकिक. लग्नाआधी ती गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, पाच वर्षं तिने ट्रंक कॉलच्या चिठ्ठ्यांवर तास आणि मिनिटं लिहिली होती, आणि इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात उशीर करणारे लोक अजून तिच्याकडे बघून कान पकडत. साडेचार हा आकडा तिने उच्चारला आणि तो गूळ लावल्यासारखा सगळ्यांच्या तोंडाला चिकटला. आता उद्या सकाळी अकराला क्षितिजने नवराबायकोला घरी बोलावलं होतं. पाटल्या द्या, नाहीतर तुमच्या दुकानाच्या अर्बाबला फोन लावतो. क्षितिजची आणि त्या ओमानी मालकाची ओळख होती. तो फोन गेला की हुसैनमियाँचं काम खलास, व्हिसा खलास, आणि त्यांची अफशीन, जी सईच्याच वर्गात होती, बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर दापोलीला.

“त्या दिवशी मी हॉलमधलं घड्याळ पाहिलं होतं,” मंगला म्हणाली.

सईने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा हॉलकडे. “दारातून हॉलमधलं घड्याळ दिसत नाही, आई,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, सिनेमातल्या मुलीसारखा विजयाचा नव्हता. “किचनमधलंच दिसतं.”

“आली मोठी! चार पिक्चर बघितले की लगेच आईला शिकवायला लागली.”

“अफशीन बसमध्ये एकटी बसते,” सई म्हणाली. “मागच्या सीटवर. कोणी तिच्या बाजूला बसत नाही. मी पण नाही बसले.” आणि ती आत गेली. दार तिने आपटलं नाही. आपटलं असतं तर मंगलाला बरं वाटलं असतं. त्यावरून रागावता आलं असतं.

भाजी फोडणीला टाकायची होती. मंगला ओट्याशी उभी राहिली आणि मान वर न करता घड्याळाचं टिकटिकणं ऐकत राहिली. ते घड्याळ तिने सव्वीस वर्षांपूर्वी, मस्कतला आल्याच्या पहिल्या महिन्यात, रुवीच्या एका दुकानातून आणलं आणि दीड तास पुढे लावलं. तेव्हा इथल्या कितीतरी घरांत अशी दोन घड्याळं असत, एक इथलं, एक तिकडचं. आणि दीड तास मिळवण्या-वजा करण्याची सवय बोटांना लागते, मिठाच्या अंदाजासारखी. डोकं लागत नाही. पुढे मोबाइल आले, लोकांनी दुसरं घड्याळ काढून टाकलं. मंगलाने नाही काढलं. विट्याला आई दुपारची झोप काढून साडेचारला उठायची, चहा टाकायची, आणि कप हातात घेऊनच फोनजवळ बसायची. मंगला रोज, इथल्या तीनला, त्या घड्याळात साडेचार झाले की नंबर फिरवायची. “चहा झाला का तुझा?” हा आईचा पहिला प्रश्न. मस्कतमध्ये तीन म्हणजे चहाची वेळ नव्हे, हे आईला सव्वीस वर्षांत पटलं नाही. मंगला “झाला” म्हणायची. गेल्या आषाढात आई गेली. तेव्हापासून रमण, म्हणजे तिचा नवरा, चारदा म्हणाला, अगं आता ते घड्याळ तरी नीट लाव. ती म्हणाली, लावते. आणि रोज दुपारी, रमण ऑफिसात, सई शाळेतून येऊन पुस्तकात, तेव्हा ती हातातलं काम टाकून त्या घड्याळाकडे बघत बसायची. फोन करायचा नसायचा. पण साडेचार व्हायचे. आता त्यातून दीड तास वजा कशाला करायचा? कुणासाठी? ती वेळ तिची होती, दिवसातली तेवढी एकच. गेल्या शुक्रवारी, सुट्टी असूनही, ती अशीच बघत होती. जिन्यात चपला वाजल्या म्हणून उठली, दार उघडलं, अमीरुन्निसा हातात पिशवी घेऊन उतरताना दिसली, तिने मान हलवली, हिने हलवली, वळून पाहिलं, साडेचार. दार लावलं, मोरीतला टॉवेल वाळत घातला, आणि...

मंगलाचा हात फोडणीवरच थांबला. मोहरी करपायला लागली तरी तिने गॅस बंद केला नाही. टॉवेल वाळत घालताना अजान झाली होती. खालच्या मशिदीची, दिवसातली तिसरी, दुपारची. जानेवारीत ती सव्वातीनच्या आसपास होते. सव्वीस वर्षं ती अजान ऐकून तिने डाळ भिजत घातली होती, उन्हातले पापड आत घेतले होते, पुढे सईला झोपेतून उठवलं होतं. अमीरुन्निसा उतरून गेली आणि मग अजान झाली. साडेचारला उतरली असती तर अजान होऊन तास उलटलेला असता. म्हणजे तिच्या कानांना ठाऊक होतं. आठवडाभर ठाऊक होतं. आणि हे आणखी कुणालाच ठाऊक नव्हतं, सईलासुद्धा नाही. तिने गॅस बंद केला. करपलेली मोहरी कढईत काळी, तडतडून थकलेली. तिला वाटलं, अजून काही बिघडलेलं नाही. पोरीने एक शंका काढली आहे, पोरीच्या शंकेला कोण विचारतं? सिनेमात निदान बाप न्यायाधीश असतो. इथे बाप एका कंपनीत इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे आणि क्षितिज त्याचा प्रोजेक्ट मॅनेजर.

सईला आईच्या एक्स्चेंजची एक गोष्ट फार आवडायची. लहानपणी ती पुन्हापुन्हा सांगायला लावायची. एका संध्याकाळी सरकारी दवाखान्यातला मोठा डॉक्टर एक्स्चेंजमध्ये आला. एक बाई बाळंतपणात दगावली होती, आणि त्याने सांगलीहून रक्त मागवायला फोन केला तो नऊ चाळीसला. चौकशीत त्याला तो आठ चाळीसला केलेला हवा होता. चिठ्ठी मंगलाच्या अक्षरातली. सुपरवायझर म्हणाला, एक आकडाच तर आहे, मुली. “आणि मी म्हटलं, साहेब, तो आकडा तसाच राहील,” असं म्हणून मंगला तिथे थांबायची, आणि छोटी सई टाळ्या वाजवायची. गोष्ट तिथेच संपायची. खरी गोष्ट अशी, की मंगला तसं म्हणालीच नव्हती. ती काहीच म्हणाली नव्हती. ती वीस वर्षांची होती, नोकरी कायम व्हायची होती, खोलीत गरम वायर आणि ओल्या सतरंजीचा वास होता, आणि तिने पेन उचलून नऊचा आठ केला होता. करताना तिला पहिल्यांदा कळलं, की इंग्रजी नऊचा आठ करणं किती सोपं असतं. फक्त खालचं शेपूट वळवून वर न्यायचं. दगावलेल्या बाईचा नवरा चौकशीनंतर एक्स्चेंजच्या पायरीवर बसला होता. त्याने तिला विचारलं, “बाई, तुमीच लिवलं व्हतं न्हवं?” ती म्हणाली, “हो.” तो म्हणाला, “मग खरं आसंल.” आणि उठून गेला. मिनिटामिनिटाचा तिचा तो लौकिक, ती शिस्त, उशीर करणाऱ्यांकडे रोखून बघणं, हे सगळं त्या ‘मग खरं आसंल’नंतर सुरू झालं होतं. कुणाला सांगायचं हे? आईलाही सांगितलं नव्हतं. आई लोकांना सांगायची, आमच्या मंगलाचा शब्द म्हणजे सरकारी शिक्का.

रमण सातला आला. तिने त्याला चहा दिला आणि सगळं सांगितलं. घड्याळ, दार, अजान. एक्स्चेंजचं सोडून सगळं. त्याने चहात बुडवलेलं बिस्किट तसंच धरून ठेवलं. बिस्किट विरघळून खाली पडलं.

“तू शपथ घेऊन काही सांगितलेलं नाहीस,” तो म्हणाला. “कोर्ट आहे का हे? तू गप्प बस. तो फोन करो नाहीतर न करो, आपण त्यात नाही.”

“मी आहे त्यात. माझ्याच सांगण्यावर तो फोन जाणार आहे.”

“मार्चमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअल आहे, मंगल. सही कोणाची लागते?”

“माहितीये.”

“आणि काय सांगणार वर जाऊन? मला घड्याळ कळत नाही म्हणून? आई जाऊन सहा महिने झाले आणि अजून मी तिच्या वेळेत बसते म्हणून? लोक म्हणतील, बाई भ्रमिष्ट झाली.” तो हे लागावं म्हणून बोलला नव्हता, घाबरला होता, आणि घाबरला की तो नेमकं लागणारं बोलायचा. “सव्वीस वर्षं मी इथे मान खाली घालून काढली.”

“मग आता जरा वर कर,” मंगला म्हणाली.

 आतल्या खोलीत पानं उलटण्याचा आवाज थांबला होता. मंगलाला वाटलं, आपल्याला राग यायला हवा, रडू यायला हवं. तसं काही झालं नाही.  भ्रमिष्ट तर भ्रमिष्ट. तिने मनातल्या मनात तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. एवढाच आहे होय, असं तिला वाटलं. ह्या एवढ्याशा शब्दाला आपण आठवडाभर, नव्हे, विशीपासून घाबरत आलो.

शुक्रवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना ती वर गेली. जाताना सईने विचारलं, “मी येऊ?” ती म्हणाली, “नको. तू आलीस तर म्हणतील पोरीने शिकवलं.” विशाखाच्या हॉलमध्ये हुसैनमियाँ सोफ्याच्या कडेवर, पांढरा शुभ्र कुर्ता घालून, जुम्म्याच्या नमाजाला जायच्या तयारीत बसला होता. त्याच्यासमोर चहा होता, त्याने हात लावला नव्हता. अमीरुन्निसा बसलीच नव्हती. क्षितिज मोबाइल हातात घेऊन हिंदीत बोलत होता, हुसैनमियाँला मराठी येत असूनही. “देखो भाई, मैं लफडा नहीं चाहता...”

“क्षितिज, थांबा,” मंगला म्हणाली. “माझी चूक झाली. ती साडेचारला नाही, तीनला उतरली.”

मग तिने घड्याळाचं सांगितलं. सांगताना तिला स्वतःचा आवाज एक्स्चेंजमधला वाटला, सपाट, आकडे वेगळे काढणारा. स्वयंपाकघरात भारताची वेळ लावलेली आहे. दारातून तेच एक घड्याळ दिसतं. माझी आई साडेचारला फोनवर यायची म्हणून मी त्या वेळी त्यात बघत बसते. आई आता नाही. तरी बघते. त्या दिवशी दीड तास वजा केला नाही. अमीरुन्निसा गेल्यावर दुपारची अजान झाली, ती मी ऐकली. म्हणजे ती गेली तेव्हा तुम्ही सगळे घरात होतात, विशाखा, आणि पाटल्या तुझ्या हातात होत्या.

विशाखाचा चेहरा लाल झाला. “म्हणजे मी खोटी?”

“तू झोपली होतीस. झोपणं खोटं नसतं.”

“ताई, तुमची तब्येत ठीक आहे ना?” क्षितिज म्हणाला. आवाजात काळजी होती आणि काळजीच्या खाली काहीतरी मोजणं होतं. “रमणला माहितीये तुम्ही इथे आलाय ते?”

“माहितीये. आणि तुम्हाला जे मार्चमध्ये करायचं ते मार्चमध्ये करा.”

“मग पाटल्या घेतल्या कोणी?” विशाखा जवळजवळ ओरडली. “ते सांगा ना! हिने नाही तर कोणी?”

सिनेमात इथे ती मुलगी बोट दाखवते. पडद्यामागून कोणीतरी धडपडत बाहेर येतं, सगळे हसतात, बाप अभिमानाने मान हलवतो. मंगलाने त्या नीटनेटक्या हॉलकडे पाहिलं, उघड्या दारातून दिसणाऱ्या आरशाच्या कोपऱ्याकडे, आणि तिला कोणीही दिसलं नाही. “मला माहीत नाही,” ती म्हणाली. “मी पोलीस नाही. मला एवढंच माहीत आहे, की हिच्याकडे जे बोट दाखवलं गेलं, ते माझं होतं. ते मी मागे घेते. आता अर्बाबला फोन लावायचा असेल तर लावा. मी इथे बसते आणि मीही बोलते त्याच्याशी. अरबी मोडकी आहे माझी, पण तीन आणि साडेचार मला येतात.”

क्षितिजने मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला.  हुसैनमियाँ उठला, त्याने कुर्त्याची घडी सरळ केली, “सलाम वालेकुम” म्हणाला, नेमकं कुणाला ते कळलं नाही, आणि दाराकडे निघाला. विशाखा एकदम भानावर आल्यासारखी आतून दुसरी किल्ली घेऊन आली, आठ दिवसांपूर्वी काढून घेतलेली. “अमीरुन्निसा, ही... तुझ्याकडेच राहू दे. मेमध्ये झाडं...”

“ऱ्हाऊ दे तुमच्याकडं,” अमीरुन्निसा म्हणाली. “झाडं कुंडीत हायत. सोबत घेऊन जा.”

जिन्यात मंगला तिच्या मागोमाग उतरली. आपल्या दारापाशी आल्यावर तिला वाटलं, आता ही काहीतरी म्हणेल. आभार नव्हे, आभाराची अपेक्षा तिला नव्हती असं ती स्वतःला सांगत होती. अमीरुन्निसा थांबली. जवळून तिच्या डोळ्यांखाली करडे डाग दिसत होते.

“किती जणांना सांगितलेलंत, ताई? साडेचार म्हणून?”

मंगलाने मनात मोजलं. मोजताना तिला लाज वाटली, कारण आकडा लगेच आला. “या बिल्डिंगीत सात घरांत. देवळात पाच-सहा बायकांना. आणि अझैब्याला माझी एक मैत्रीण आहे, तिला फोनवर. मी आत्ता ग्रुपवर मेसेज टाकते, सगळ्यांना एकदमच...”

“मेसेज नको.” अमीरुन्निसाने डोक्यावरची ओढणी नीट केली. “मेसेजचं लोक वाचतात नि सोडून देतात. तोंडानं सांगितलंत ना? मग तोंडानंच सांगा. दारं माहिती हायत तुमाला.”

“अमीरुन्निसा, चल, नमाजाला उशीर होतोय,” खालून हुसैनमियाँने हाक मारली.

“तुम्ही व्हा पुढं. मी आलेच,” ती खाली बघून म्हणाली, पण गेली नाही. जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली. त्याचा अर्थ होता, आत्ताच सांगा. मंगलाच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या, एक रमणची. केस बांधलेले नव्हते. घरात भात कुकरमध्ये तसाच होता. आतून रमण म्हणाला, “मंगल, आलीस का? काय झालं?” दार अर्धवट उघडं होतं आणि फटीतून सईचा एक डोळा दिसत होता. मंगलाने हात लांब करून आपलं दार बाहेरून ओढून घेतलं. मग ती समोरच्या फ्लॅटपाशी गेली आणि बेल दाबली. तिथल्या काकूंना तिने गेल्या शनिवारी, चकलीच्या सोऱ्याचं निमित्त करून, सगळं रंगवून सांगितलं होतं. तेव्हा तासभर बसली होती. दार उघडलं. काकूंनी आधी मंगलाला पाहिलं, मग तिच्यामागे कठड्याला टेकलेल्या अमीरुन्निसाला, आणि त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं.

“अगं बाई, या ना मंगलाताई, आत या.”

“आत नाही येत,” मंगला म्हणाली, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “उभ्यानंच सांगते. तुम्हीही बाहेर या.”